गोळी बंद कोण करणार?

अण्णा निवृत्त लेखापरीक्षक. आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे कुठल्याही कागदाकडे आधी संशयानं बघायचं ही सवय हाडीमाशी खिळलेली. वय अडुसष्ट, राहणार सांगली. वृंदा त्यांची पुतणी, बी. फार्म. होऊन मिरजेत स्वतःचं मेडिकल चालवते. दोघंही कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र तशी नाहीत. डिप्रेशनच्या गोळ्यांचा विषय घरात निघाला की यातली एक ना एक बाजू ऐकू येतेच, आणि सहसा ती एकटीच बोलत असते. इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. पत्नी गेल्यावर काही महिन्यांनी अण्णांना गोळी सुरू झाली, त्याला आता चार महिने होत आले. अण्णांना बरं वाटतंय. म्हणून उद्यापासून ती बंद करायचा त्यांचा बेत आहे.

अण्णा : मुळात बायको गेल्यावर माणूस हसत बसेल काय? त्याला गोळी कशाला? आमची आई गेली तेव्हा वडील वर्षभर सोप्यात बसून होते. कुणी दवाखान्यात नेलं नाही. वर्षानं आपले आपण उठले आणि शेतावर जायला लागले.

वृंदा : आजोबा बसून होते, पण जेवत होते. गडी उशिरा आला तर त्याच्यावर ओरडत होते. तुमचं तसं नव्हतं, अण्णा. आठ किलो वजन उतरलं तुमचं. पहाटे तीनला उठायचात ते उजाडेपर्यंत नुसते बसून. पेपरची घडी मोडत नव्हती. तुमचा मुलगा, आमचा दादा, सांगतो, तुम्ही रडतसुद्धा नव्हता. आणि ‘मी असून तरी काय उपयोग’ हे रोजचंच व्हायला लागलं, तेव्हा तो घाबरला.

अण्णा : म्हणालो असेन. पण शोक कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, ही रेघ आखणारे तुम्ही कोण? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं एक मोठं पुस्तक आहे. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा डिप्रेशनचं निदान करू नये, अशी त्यात सवलत होती. २०१३ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. म्हणजे २०१२ साली जो शोक होता, तो पुढच्या वर्षी आजार झाला!

अण्णा वाचून बोलतात, हे सांगून ठेवलेलं बरं. ही माहिती खरी आहे, आणि त्यावरून तेव्हा खुद्द मनोविकारतज्ज्ञांतच कडाक्याचं भांडण झालं होतं.

वृंदा : सवलत काढली म्हणून प्रत्येक शोक आजार ठरत नाही. शोकात असलेल्या माणसाला खरंच डिप्रेशन जडलं, तर ‘बायको गेलीय, चालायचंच’ म्हणून त्याला परत पाठवू नये, एवढाच त्याचा अर्थ. दुःख येतं-जातं. नातू मांडीवर आला की घटकाभर विसर पडतो. तुम्हाला तो पडत नव्हता.

अण्णा : बरं, ते सोड. मला सांगण्यात आलं की मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं आणि गोळी ते भरून काढते. आता २०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष काय, तर असं काही कमी पडतं याला धड पुरावाच नाही. वहीत तूटच दिसत नाही, आणि तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरणा करताय!

वृंदा : ‘सेरोटोनिन कमी पडतं’ ही गोष्ट फार सोपी करून सांगितली गेली, हे कबूल. कंपन्यांनाही ती सोयीची होती. पण औषध कशामुळे चालतं हे न कळणं वेगळं आणि औषध न चालणं वेगळं. डिप्रेशनची पहिली औषधं कुणी सेरोटोनिनचा हिशेब मांडून शोधलेली नाहीत. आपल्या वानलेसवाडीला टीबीचा दवाखाना होता ना, तसाच न्यूयॉर्कजवळ स्टॅटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचा मोठा दवाखाना होता. १९५२ च्या सुमाराला तिथल्या क्षयाच्या रोग्यांवर इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध वापरून बघितलं. रोगी जेवायला लागले, हसायला लागले, वॉर्डात गप्पा रंगायला लागल्या. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हे औषध क्षयापेक्षा मनावर जास्त चालतंय. सेरोटोनिनची गोष्ट त्यानंतर आली.

अण्णा : म्हणजे अंधारात तीर मारला आणि लागला.

वृंदा : लागला का, हे नंतर मोजलं. २०१८ साली ऑक्सफर्डच्या अँड्रिया सिप्रियानी यांच्या गटानं ५२२ चाचण्या एकत्र केल्या. एक लाख सोळा हजारांवर माणसं, २१ औषधं. सगळीच्या सगळी नकली गोळीपेक्षा सरस निघाली.

अण्णा : किती सरस?

वृंदा : सरासरीनं बेताचीच. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. कुणाला भरपूर फरक पडतो, कुणाला काहीच नाही. आणि त्या चाचण्या बहुतेक आठेक आठवड्यांच्या होत्या. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं पुढं काय होतं, ते त्यातून कळत नाही.

अण्णा : संपलं मग! बेताचा फायदा, आठ आठवड्यांचा पुरावा, आणि आमच्या शेजारचे जोशी सहा वर्षं तीच गोळी खातायत.

वृंदा : जोश्यांना बेताची मदत होते की मोठी, हे सरासरीवरून ठरत नाही. पण तुमच्या बाजूनं मीच एक सांगते. आजार हलका असेल तर पहिला उपचार म्हणून सरसकट गोळी देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. आणि आपल्या शेजारी गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. डॉक्टर नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक. सहा ते आठ भेटी. माणसाला त्याच्या सुटलेल्या कामांकडं, माणसांकडं हळूहळू परत न्यायचं. रोगीही हलके नव्हते, बऱ्यापैकी आजारी होते. त्यांना फायदा झाला, आणि तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

अण्णा : मग माझ्याशी का नाही कुणी बोललं? मी गेलो, पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर आलो.

वृंदा : बोलायला हवं होतं. अजूनही बोलता येईल. गोळी घेतली म्हणून बोलणं बंद, असं काही नसतं. तुमच्या गोळ्या कुठायत? मला बघू द्या.

इथपर्यंतचं भांडण आपल्याकडं नेहमीच होतं: औषध चांगलं की वाईट. मला ते थोडं पोकळ वाटतं. खरा मामला यापुढचा आहे आणि तो गोळीच्या पट्टीवर छापलेला असतो. अण्णांनी प्लॅस्टिकची पिशवी उलटी केली. त्यातली पहिली पट्टी कात्रीनं अर्धी कापलेली. ‘पाचच द्या’ म्हटलं की दुकानदार पट्टी कापून देतो, मग नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये हे सांगणारी ती उभी लाल रेघही बहुधा दुकानातच राहते. सुदैवानं खाली एक अख्खी पट्टी होती. वृंदानं ती उजेडाकडं धरली आणि मागची बाजू अण्णांपुढं केली.

वृंदा : वाचा.

अण्णा : एस्सिटालोप्राम, दहा मिलिग्रॅम. हीच ना ती?

वृंदा : खालची ओळ.

अण्णा : क्लोनाझेपाम, शून्य पूर्णांक पाच. हे काय आहे?

वृंदा : दुसरं औषध. झोपेचं, घबराटीचं. पुढच्या बाजूला नावाच्या शेवटी ‘प्लस’ लिहिलंय, ते हे. पुष्कळ कंपन्या अशी जोडगोळी मूळ नावाला ‘प्लस’ लावून विकतात. तुम्ही चार महिने एक नाही, दोन औषधं घेताय.

अण्णा : मला कुणी सांगितलं नाही.

वृंदा : देण्यामागं कारण असतं. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला कधी सहा. पण त्रास पहिल्या दिवसापासून. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, अस्वस्थ वाटणं, झोप उडणं. आजार तसाच आणि वर हा ताप, म्हणून बरेच लोक सुरुवातीलाच गोळी फेकून देतात. तेवढा काळ निभावायला थोडं क्लोनाझेपाम देतात. दोन-चार आठवड्यांनी ते काढायचं आणि एकटं एस्सिटालोप्राम ठेवायचं. पण दोन्ही एकाच गोळीत असल्यावर काढणार कसं? पट्टी तीच, म्हणून गोळी तीच चालू राहते.

अण्णा : आणि काढलं नाही तर?

वृंदा : क्लोनाझेपामची सवय लागते. एस्सिटालोप्रामची तशी लागत नाही. त्याची ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. क्लोनाझेपाम वेगळ्या जातीचं. तुमच्या वयात त्यानं तोल जातो, पडायला होतं, विसरायला होतं. साठी-पासष्टीनंतर या जातीची औषधं शक्यतो टाळावीत, असं वृद्धांचे डॉक्टर सांगतात. आणि ते महिनोन् महिने घेऊन एके दिवशी तटकन थांबवलं तर झोप पार उडते, जीव घाबरा होतो, क्वचित आकडीही येते. तुमचा उद्याचा बेत तोच होता.

अण्णांच्या नोकरीत एका खात्याच्या नावाखाली दोन खर्च दाखवले असते, तर त्यांनी तिथल्या तिथं आक्षेप काढला असता. इथं त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली आणि पिशवीतल्या बाकीच्या पट्ट्या एका ओळीत मांडल्या.

अण्णा : या बाकीच्यांच्या शेपटीला पण अक्षरं आहेत. ही बीपीची. टेल्मिसार्टन, आणि पुढं ‘एच’.

वृंदा : एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवी वाढवून बीपी उतरवतं. एकटं असलं तर ठीक. पण एस्सिटालोप्राम रक्तातलं सोडियम खाली आणू शकतं, हेही आणू शकतं, आणि दोघं मिळून उतारवयातल्या माणसाला चांगलंच लोळवू शकतात. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. लक्षणं म्हणाल तर थकवा, डोकं जड, गोंधळल्यासारखं, पाय लटपटणं. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा डिप्रेशनच वाढलं.

अण्णा : गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात मी न्हाणीघरात पडलो होतो.

वृंदा : सोडियम तपासलं?

अण्णा : नाही. साखर तपासली.

वृंदा : डॉक्टरांना हे आधी सांगा. ते तेव्हा सोडियममुळं झालं, क्लोनाझेपाममुळं, की नुसता पाय घसरला, हे आता कळणार नाही. पण एक रक्ताची तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे? साध्या प्रयोगशाळेत होते.

अण्णा : आणि ही ॲसिडिटीची. इथं ‘डी’.

वृंदा : डोंपेरिडोन. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली त्याच्या वापरावर बंधनं घातली. एस्सिटालोप्रामही मात्रेप्रमाणं त्याच लयीवर थोडा परिणाम करतं. म्हणून पासष्टीच्या पुढं दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. दोन्ही एकत्र घ्यायची तर निदान डॉक्टरांना ते माहीत हवं, आणि हृदयाचा जुना त्रास असेल तर आधी ईसीजी हवा. तुम्ही ही ‘डी’ कुणाच्या सांगण्यावरून घेता?

अण्णा : कुणाच्याच नाही. जळजळलं की घेतो. आधी ओमेप्राझोल घ्यायचो.

वृंदा : त्यानं एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी चढते. म्हणजे चिठ्ठीवर दहा लिहिलेले असतात आणि शरीराला त्याहून जास्त पोचतात.

अण्णा : ही गुडघ्याची?

वृंदा : डायक्लोफेनॅक. रिकाम्या पोटी घेऊ नका म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. एस्सिटालोप्रामबरोबर घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका आणखी वाढतो. ॲस्पिरिनचंही तसंच, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तर विचारूच नका. शौचाला काळं झालं तर वाट बघायची नाही. आणि ही शेवटची तुम्ही घेतलेली दिसत नाही.

अण्णा : कंबर धरली होती तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी दिली होती. एक घेतली, चक्कर आली, ठेवून दिली.

वृंदा : ट्रॅमाडॉल आहे. ठेवून दिलीत ते बरं केलंत. तेही सेरोटोनिन वाढवतं. दोन-तीन अशी औषधं एकत्र आली तर घाम, थरथर, ताप, जुलाब, बेचैनी, स्नायू उडणं, असं सगळं एकदम होऊ शकतं. सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्याच यादीतलं, लिनेझोलिड हे प्रतिजैविकही. हाडांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं का तुम्ही डिप्रेशनची गोळी घेता ते?

अण्णा : त्यांना कशाला सांगू? कंबरेचा आणि मनाचा काय संबंध?

खरं उत्तर अण्णांनी दिलं नाही, ते मी देतो. बाहेर बाकावर ओळखीचे लोक बसलेले असतात, आतला कंपाउंडर शेजारच्या गल्लीतला असतो, आणि ‘डोक्याची गोळी’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. बीपीची गोळी सांगताना कुणी आवाज खाली आणत नाही. या एका लाजेपायी जितकी औषधं एकमेकांशी भिडत असतील, तितकी डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळंही भिडत नसतील, असा माझा अंदाज आहे.

काका-पुतणी असल्यामुळे आणखी एक गोष्ट या दोघांच्या बोलण्यात येणार नाही. या जातीच्या गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, संबंधात अडचण येते. हे दुर्मीळ नाही, पुरुषांना होतं, बायकांनाही होतं. कित्येक जण कुणाला न सांगता गोळी सोडतात ते यापायीच, आणि घरात कारण भलतंच सांगतात. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. तरुणांबाबत वेगळी काळजी असते. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ साली मुलं आणि किशोरवयीनांसाठी काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून. त्या काळात घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, गोळ्यांचा साठा आपल्याकडं ठेवायचा आणि फोन लगेच करायचा. गोळी चालू असताना दिवस गेले तर घाबरून त्याच दिवशी सोडायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

वृंदा : अजून एक विचारते, रागावू नका. आपल्या आक्काआत्याला मधूनमधून काय व्हायचं?

अण्णा : तिचं काय? महिनाभर झोपायची नाही. बडबड, गाणी. एकदा तर पाटल्या विकून साऱ्या गल्लीला साड्या वाटल्या. मग सहा महिने अंथरुणात.

वृंदा : हे डॉक्टरांना सांगितलंत?

अण्णा : त्यांनी विचारलं नाही.

वृंदा : मग तुम्ही सांगा. तो बायपोलरचा आजार असू शकतो, आणि तो घराण्यात उतरतो. तशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर उलटं टोक गाठलं जाऊ शकतं. तुम्हाला चार महिन्यांत तसं काही झालेलं नाही, चांगलंच आहे. पण झोप कमी होऊनही उत्साह उतू जायला लागला, तर तो गुण आला असं समजू नका.

अण्णा : हे सगळं ऐकून माझं मत पक्कंच झालं बघ. एवढ्या भानगडी असलेली गोळी घ्यायचीच कशाला? बंद म्हणजे बंद.

वृंदा : बंद करायचा हक्क तुमचा आहे. पद्धत मात्र तुमच्या मनाची चालणार नाही. एस्सिटालोप्राम शरीरातून अर्धं उतरायला साधारण तीस तास लागतात, तुमच्या वयात आणखी जास्त. एकदम सोडलंत तर दोन-चार दिवसांनी डोकं गरगरेल, मळमळेल, चिडचिड होईल, भलती स्वप्नं पडतील. काहींना मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. तुम्ही म्हणाल, आजार उलटला. दादा म्हणेल, बघा, गोळीशिवाय जमत नाही. आणि पुन्हा सुरू कराल, ती पाच वर्षं.

अण्णा : मग आजार उलटला की गोळी सोडल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं?

वृंदा : सोडल्याचा त्रास काही दिवसांतच उभा राहतो, आणि त्यात गरगरणं, झटके, मळमळ असं अंगात जाणवणारं पुष्कळ असतं. मात्रा पुन्हा घेतली की तो लवकर ओसरतो. आजार उलटतो तो सावकाश, कित्येक आठवड्यांनी, आणि ओळखीच्या वाटेनं येतो. तुमच्या बाबतीत पहाटे तीनची जाग. ती आली की समजा.

अण्णा : आणि सोडायची कशी?

वृंदा : आधी कधी, ते बघू. पहिलाच झटका असेल तर बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. तुम्हाला बरं वाटतंय ते दोन महिने. पुन्हा पुन्हा येणारा आजार असेल तर दोन वर्षं, कधी जास्त. मग हळूहळू उतरवायची. त्यातही एक गंमत आहे. दहाची पाच केली म्हणजे मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही, थोडासाच कमी होतो. पाचाचं शून्य करताना मात्र मोठा खड्डा लागतो. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हे मांडलं. म्हणून शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. लोक करतात नेमकं उलट, ‘आता पाचच राहिलीय’ म्हणून टाकून देतात. आणि तुमचं क्लोनाझेपाम वेगळं काढून वेगळं उतरवावं लागेल. ती जोडगोळी तोडून घरी प्रयोग करू नका. काही औषधांच्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या तर तोडायच्याच नसतात.

अण्णा : सहा महिने ठेवली आणि नीट उतरवली, तर परत येणार नाही याची हमी?

वृंदा : नाही. ब्रिटनमधला एक चांगला अभ्यास आहे, २०२१ चा. दीर्घकाळ गोळी घेणारी, बरी असलेली माणसं. निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली, कुणाची कुठली ते कुणालाच माहीत नाही. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा.

अण्णा : म्हणजे गोळी चालू असूनही शंभरात एकोणचाळीस पडले. आणि बंद करूनही चव्वेचाळीस उभे राहिले.

वृंदा : हो. दोन्ही बाजूंनी वाचा.

अण्णा : तेच करतोय. आता माझा आक्षेप लिहून घे. ही माझी चिठ्ठी. चार महिन्यांपूर्वीची. औषधाचं नाव, रात्री एक, खाली ‘कंटिन्यू’. किती दिवस? पुन्हा कधी यायचं? बंद कधी? कोरं. त्याच कागदावर आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलनं चारदा माल दिला. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावं, असा तुमचा नियमच आहे ना?

वृंदा : आहे.

अण्णा : तू पाळतेस?

वृंदा : नेहमी नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असतं, जयसिंगपुराहून, शिरोळहून बसनं आलेलं असतं. नाही म्हटलं तर समोरचा दुकानदार देतोच. आणि नाही म्हटल्यावर त्या माणसानं गोळी एकदम बंद केली, तर तेही माझ्याच माथी.

अण्णा : हे कारण झालं. उत्तर नव्हे.

वृंदानं यावर काही म्हटलं नाही, आणि माझ्या मते तिच्याकडं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. अण्णांनी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लेखापरीक्षकाच्या बारीक अक्षरात पिशवीतल्या साऱ्या औषधांची नावं शेपटीसकट उतरवली. न्हाणीघरातलं पडणं लिहिलं. आक्काचं नाव लिहिताना जरा थांबले, मग लिहिलं. शेवटी ओळ टाकली : ‘क्लोनाझेपाम कधी काढणार? दुसरी गोळी कोणत्या महिन्यापासून उतरवणार? लेखी द्यावे.’

अण्णा : गुरुवारी जातो. तोवर घेतो. पण एक ध्यानात ठेव, तुझं पटलं म्हणून घेत नाही. ही गोळी मला नको होती आणि अजूनही नकोच आहे. सोडीन, पण नियमानं सोडीन.

वृंदा : चालेल. आणि एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आता माझा निवाडा. व्यवस्थेबद्दल अण्णा म्हणतात ते बरोबर आहे: पाच मिनिटांत सुरू होणारी आणि कुणीच बंद न करणारी गोळी, हा रोग्याचा दोष नव्हे. गोळीबद्दल वृंदा म्हणते ते बरोबर आहे: गोळीनं अण्णांना अंथरुणातून उठवलं, आणि उद्या तटकन थांबवली असती तर तिनंच आडवं केलं असतं. तुमच्या घरात अशी पट्टी असेल तर तिची मागची बाजू आज वाचा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, की ही कधी आणि कशी थांबवायची. उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. तिथवर थांबण्यासारखी परिस्थिती नसेल, मन फारच खचलं असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.